स्कॉफेलचें पत्र व शामुनीचें स्तोत्र

प्रवासवर्णन किंवा निसर्गकाव्य यांची परीक्षा करतांना आपले टीकाकार बहुधा तीन प्रश्न विचारतात: भाषा प्रासादिक आहे कीं नाहीं, कल्पना नवी आहे कीं जुनी, आणि भावना खरी आहे कीं उसनी. हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु यांपैकीं तिसऱ्याचें उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. दुसऱ्याच्या अंतःकरणांतील भावना खरी कीं खोटी हें आपण कशावरून ठरविणार? कागदावर उमटलेले उद्गार दोन्ही प्रसंगीं सारखेच दिसतात. म्हणून या तीन प्रश्नांच्या आधीं एक चौथा, दिसावयास अगदीं क्षुल्लक असा प्रश्न विचारावा, असें मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. तो प्रश्न असा: हें लिहिणारा मनुष्य उभा कोठें आहे?

डोंगरांत एकट्यानें चालणाऱ्याला हा प्रश्न दर अर्ध्या तासानें स्वतःला विचारावा लागतो, आणि उत्तर चुकलें तर त्याची शिक्षा त्याला त्याच दिवशीं मिळते. लेखकाला ती शिक्षा इतक्या लवकर मिळत नाहीं; पण ती टळते असें मात्र नाहीं. हें म्हणणें पटविण्यासाठीं इंग्रजी वाङ्मयांतील एक उदाहरण घेतों. सॅम्युएल टेलर कोलरिज या कवीनें १८०२ च्या ऑगस्टांत एकट्यानें डोंगरांतून एक लांबचा फेरा केला. त्या फेऱ्यांतून दोन लिखाणें निघालीं: एक खासगी पत्र आणि एक छापील स्तोत्र. पत्रांत तो कोठें उभा आहे हें आपणांस पावलोंपावलीं कळतें. स्तोत्रांत तें कळत नाहीं, आणि जें कळल्यासारखें वाटतें तें खरें नाहीं. या दोहोंमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१८०२ साल हें कोलरिजच्या आयुष्यांतील मोठ्या कसोटीचें होतें. वय अवघें एकोणतीस. इंग्लंडच्या वायव्येस, सरोवरांच्या प्रांतांत, केझिक येथें त्याचें बिऱ्हाड होतें. संसारांत सुख नव्हतें, प्रकृति ढासळली होती, अफूचें व्यसन जडत चाललें होतें. आणि वर्डस्वर्थच्या वाग्दत्त वधूची बहीण सारा हचिन्सन हिच्यावर त्याची कधींहि सफळ न होणारी प्रीति बसली होती. त्या वर्षीं ४ एप्रिल रोजीं तिलाच उद्देशून त्यानें एक दीर्घ पद्यपत्र लिहिलें. तेंच पुढें आटोपशीर होऊन 'डिजेक्शन' या नांवानें प्रसिद्ध झालें. निसर्गाचें सौंदर्य डोळ्यांना दिसतें पण हृदयाला भिडत नाहीं, जन्मतः लाभलेली कल्पनाशक्ति आटून गेली, असा त्या काव्याचा आक्रोश आहे. हा आक्रोश करणारा मनुष्य चार महिन्यांनीं, १ ऑगस्ट रोजीं, रविवारीं दुपारीं एकटाच घराबाहेर पडला.

त्याचा प्रवासाचा थाट पाहण्यासारखा आहे. स्वयंपाकघरांतील खराट्याचा दांडा उपसून त्यानें त्याची काठी केली, व खराट्याच्या काड्या तशाच जमिनीवर पसरून ठेविल्या. गृहिणीला काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पाठीवर एक लहानशी पिशवी. तींत एक सदरा, मोज्यांचे दोन जोड, थोडा चहा व साखर, कागद, पांच-सहा लेखण्या आणि जर्मन कवितांचें एक पुस्तक. बटरमीर, एनरडेल, समुद्रकांठचें सेंट बीज, तेथून पुन्हां डोंगरांत वासडेल, मग स्कॉफेल, एस्कडेल, कॉनिस्टन असा फेरा करून तो ९ तारखेस घरीं परतला.

आज त्या प्रांतांत फिरणाऱ्याच्या हातीं समोच्चरेषांचा नकाशा असतो. कोलरिजच्या वेळीं तसा नकाशा अस्तित्वांतच नव्हता. ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला नकाशा, केंट परगण्याचा, १८०१ सालीं निघाला. सरोवरांच्या प्रांतापर्यंत ती मोजणी पोंचण्यास पुढें कित्येक दशकें जावयाचीं होतीं. योगायोग असा कीं, आपल्याकडे १८०२ च्या एप्रिलांतच विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची आधाररेषा साखळीनें मोजावयास आरंभ केला, आणि तीवर पुढें अवघ्या हिंदुस्थानच्या नकाशाची उभारणी झाली. लॅम्बटनपाशीं साखळी होती. कोलरिजपाशीं दोन डोळे, दोन पाय व एक टिपणवही. तरी पण त्या आठवड्यांतील त्याचीं टिपणें व पत्रें वाचलीं म्हणजे हा मनुष्य मनांत नकाशा काढीत चालला होता, याविषयीं शंका उरत नाहीं. हीं पत्रें ग्रिग्ज यांनीं संपादिलेल्या संग्रहांत १९५६ सालीं, व टिपणें कॅथलीन कोबर्न यांनीं संपादिलेल्या पहिल्या खंडांत १९५७ सालीं प्रसिद्ध झालीं असल्यामुळें आज कोणाहि अभ्यासकास तीं सहज पाहतां येतात.

५ ऑगस्ट रोजीं तो स्कॉफेलच्या माथ्यावर पोंचला. उंची ९६४ मीटर. एका आडोशाला बसून त्यानें तेथेंच साराला पत्र लिहावयास घेतलें. स्कॉफेलच्या शिखरावरून लिहिलेलें हें पहिलेंच पत्र असावें, असा विनोदहि त्यानें केला आहे. या पत्राचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत उद्गारांबरोबर स्थाननिश्चय आहे. कोणता डोंगर कोणत्या अंगास, कोणतें सरोवर कोणत्या धारेपलीकडे, कोणतें पाणी कोणत्या दरींत उतरतें, हें तो एकामागून एक सांगत जातो. आणि मग दृष्टि खालीं वळते: पायाखालींच सरळ तुटलेला कडा, आणि त्या कड्याच्या एकुलत्या एका कपारीवर उभें असलेलें एकच मेंढरूं. कडा अत्यंत भयानक होता असें विशेषण त्यानेंहि वापरलें आहे. पण वाचकाच्या छातींत धस्स होतें तें त्या विशेषणानें होत नाहीं, त्या मेंढरानें होतें. कड्याची उंची किती, कपार किती अरुंद, पाहणारा किती वर, हें सर्व त्या एका ठिपक्यावरून मोजतां येतें. चांगल्या वर्णनांत असें एखादें मोजमाप कोठें तरी असावेंच लागतें.

ज्यानें चैत्र-वैशाखांत सह्याद्रींत एकट्यानें दिशा काढण्याचा सराव केला आहे, त्याला या पत्राचें मोल अधिक कळेल. मी स्वतः हा सराव कित्येक वर्षें करीत आलों आहें. उन्हाळ्यांत गवत वाळून गेलेलें असतें, आणि गुरांनीं पाडलेल्या ढोरवाटा माणसांच्या पायवाटेइतक्याच ठळक दिसतात. दहा वाजल्यानंतर खडक तापतो, क्षितिजावर धुरकटपणा चढतो, आणि पावसाळा सरतांना राजगडावरून हाताच्या अंतरावर वाटणारा तोरणा त्या धुरकटांत पार मिसळून जातो. दूरची खूण गेली कीं जवळच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते: ओढ्याचें वळण, डोंगरधारेची दिशा, चढ कोठें मोडतो, उतार कोणत्या अंगास आहे. नकाशा पसरून तो होकायंत्रानें उत्तरेशीं जुळवावयाचा, पावलें मोजावयाचीं, आणि पुढें निघण्यापूर्वीं तीन गोष्टी मनाशीं म्हणावयाच्या: मी कोठून आलों, आतां कोठें आहें, आणि वाट बरोबर असेल तर यापुढें काय दिसलें पाहिजे. तें दिसलें नाहीं तर हट्ट न धरतां मागें फिरावयाचें. ऊन तापलेलें असतां हा शेवटचा नियम पाळणें सर्वांत कठीण जातें. कारण पाणी संपत आलेलें असतें, मागें फिरणें म्हणजे पुन्हां चढणें असतें, आणि तहानलेल्या माणसाला प्रत्येक उतार गांवाकडेच जाणारा वाटतो.

या चालण्याचें गणितहि आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यानें १८९२ सालीं तें एका सोप्या नियमांत बसविलें: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. वासडेलच्या तळापासून स्कॉफेलचा चढ सुमारें २,९०० फूट. म्हणजे अंतराचा वेळ सोडून केवळ उंचीसाठींच जवळजवळ दीड तास. हें थंड हवेंतील, धडधाकट माणसाचें गणित झालें. उन्हांत त्यांत भर घालावी लागते. असें गणित, असा सराव व असे नियम ज्याच्या अंगीं मुरले आहेत, त्यानें कोलरिजचें स्कॉफेलवरून उतरणें वाचलें तर तो कपाळावर हात मारून घेईल.

कारण उतरतांना त्यानें एकहि नियम पाळला नाहीं. तो स्वतःच सांगतो कीं आपल्याला एक खोड आहे, एक प्रकारचा जुगारच तो: डोंगर उतरतांना पायवाट किंवा सुरक्षिततेची एखादी खूण शोधण्याचे कष्ट आपण घेत नाहीं, जेथें प्रथम उतरतां येईल तेथें उतरूं लागतों. पुढें सुदैवानें काय मिळेल तें खरें. या रीतीनें तो ज्या ठिकाणीं आला त्याला आज ब्रॉड स्टँड म्हणतात, आणि तें ठिकाण अपघातांबद्दल अजूनहि कुप्रसिद्ध आहे. सात फुटांचा एक गुळगुळीत टप्पा आला; हातांनीं लोंबकळून त्यानें खालीं उडी घेतली. मग दुसरा, मग तिसरा. हातापायांना कंप सुटला. पुढचा टप्पा त्याच्या उंचीच्या दुप्पट, आणि त्याच्या तळाची कपार इतकी अरुंद कीं उडी घेतली तर मागें कोसळून मृत्यु निश्चित. वर परत चढणें तर अशक्यच.

अशा स्थितींत तो काय करतो? पाठीवर आडवा होतो, आणि आपल्या वेडेपणाला हंसतो. वर दोहों बाजूंस कडे, त्यांवरून वेगानें धांवणारे ढग. त्याला एक प्रकारची तंद्री लागते, आणि तो ईश्वराचे आभार मानतो ते सुटकेसाठीं नव्हे, तर विवेक व संकल्प या दोन शक्ति आपणांस दिल्याबद्दल. त्या जाग्या असतां कोणतेंहि संकट माणसाला जिंकूं शकत नाहीं, असें तो म्हणतो. हाच प्रसंग स्वप्नांत आला असता तर आपण केवढे किंचाळलों असतों, हाहि विचार त्याला तेथेंच सुचतो. मग तो उठतो आणि पाहूं लागतो. खालीं कड्याच्या पायथ्याशीं एक कुजलेलें मेलेलें मेंढरूं व जवळच रचलेला दगडांचा ढीग त्याला आढळतो. कड्यावर अडकलेल्या मेंढराला सोडविण्यासाठीं धनगरानें तो ढीग रचला असावा, तेवढ्यानें भागेना म्हणून तो मदत आणावयास गेला असावा, आणि तेवढ्यांत तें बिचारें पडून मेलें असावें, असें तो ताडतो. हें अनुमान बरोबर निघाल्याचेंहि पुढें नमूद करतो. मग डावीकडे खडकाला वरपासून खालपर्यंत गेलेली एक चीर दिसते. आपण तींत अडकणार तर नाहीं ना, म्हणून तिची रुंदी मोजतो, पाठीवरची पिशवी कुशीला घेतो, आणि दोन भिंतींमधून घसरावें तसा खालीं येतो. खालीं आल्यावर छातीला कांहीं तरी वेगळें लागलें म्हणून पाहतो तों गळ्यापासून बेंबीपर्यंत लालभडक घामोळें उठलेलें! थोड्या वेळानें गडगडाट सुरू होतो, तो मेंढरांच्या एका वाड्यांत आसरा घेतो, आणि तेथें मित्रमैत्रिणींचीं व आपल्या मुलांचीं नांवें मोठ्यानें उच्चारून डोंगरांचे प्रतिध्वनि ऐकतो.

एप्रिलांत ज्याची कल्पनाशक्ति आटली होती तो हाच मनुष्य काय? तिचा पाझर पुन्हां कशानें फुटला? मला याचें उत्तर असें दिसतें कीं, त्या कड्यावर त्याला 'मला काय वाटतें' हा प्रश्न सोडून 'मी कोठें आहें' हा प्रश्न विचारणें भाग पडलें. 'डिजेक्शन'मध्यें त्याची दृष्टि आंत वळून तेथेंच गोल फिरते आहे. पत्रांत ती बाहेर येते, फूट मोजते, चीर मोजते, दगडांच्या ढिगावरून धनगराचा इतिहास वाचते. आणि नवल असें कीं, बाहेर पाहतां पाहतांच अंतःकरणहि बोलूं लागतें. विवेक व संकल्प यांवरील तो उद्गार एखाद्या प्रवचनांत आला असता तर आपण तो वाचून विसरून गेलों असतों. येथें तो विसरतां येत नाहीं, कारण त्याच्या वर व खालीं किती फूट आहेत हें आपणांस ठाऊक आहे. तो चालणारा म्हणून चुकला, परंतु आपण कोठें व कसे चुकलों हें त्यानें लपविलें नाहीं. घामोळ्यासारखी काव्याला न शोभणारी गोष्टहि त्यानें गाळली नाहीं. वाट चुकणें हा चालणाऱ्याचा दोष. त्याबद्दल टीकाकाराला बोलण्याचा अधिकार नाहीं. लेखक ठिकाण चुकवितो तेव्हां मात्र तो अधिकार प्राप्त होतो.

आणि कोलरिजनें तें महिनाभरांतच चुकविलें. ११ सप्टेंबर १८०२ च्या 'मॉर्निंग पोस्ट' पत्रांत त्याचें एक स्तोत्र छापून आलें. विषय: सूर्योदयापूर्वींची शामुनीची दरी व माँ ब्लाँचें शिखर. सोबत त्या दरींतील नद्यांची, व हिमनद्यांच्या कांठीं फुलणाऱ्या निळ्या फुलांची टीप होती. वाचकाला वाटावें कीं कवि आत्तांच आल्प्स पर्वतांतून परतला आहे. वस्तुतः कोलरिजनें शामुनीची दरी कधींच पाहिली नाहीं. फ्रीडरिके ब्रून या कवयित्रीची शामुनीच्या सूर्योदयावर वीस ओळींची एक जर्मन कविता होती. तिच्यांतील प्रश्नोत्तरांचा सांगाडा, कित्येक कल्पना व टिपांतील माहिती घेऊन तिच्या सुमारें चौपट लांबीचें हें स्तोत्र त्यानें रचिलें, आणि ब्रूनचें नांव कोठेंहि घेतलें नाहीं. १८३४ सालीं कोलरिज वारल्यावर डी क्विन्सीनें ही गोष्ट जाहीर केली. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मूळ जर्मन सांगाड्यांत कोलरिजनें प्राण ओतला, असें डी क्विन्सीनें त्याच वेळीं म्हटलें आहे. आणि पुढील कित्येक पिढ्यांनीं हें स्तोत्र भक्तीनें पाठ केलें.

तें वाङ्मयचौर्य होतें कीं नव्हतें, हा वाद मला येथें करावयाचा नाहीं. मी फक्त माझा चौथा प्रश्न विचारतों. स्तोत्रांतील भक्त उभा कोठें आहे? त्या स्तोत्रांत मुख्यतः दोनच दिशा आहेत, वर आणि खालीं. शिखर वर, प्रवाह खालीं, आणि दोघांनाहि एकच प्रश्न: तुम्हांला कोणीं निर्मिलें? बर्फानें, झऱ्यांनीं, गरुडांनीं व विजांनीं एकाच सुरांत उत्तर द्यावयाचें. येथें डावें-उजवें नाहीं, जवळचें-दूरचें नाहीं. मोजमाप करणारें तें एक मेंढरूं नाहीं. पद्यरचना भव्य आहे, शब्दांचा घोष कानांत घुमतो, पण स्तोत्र संपल्यावर डोळ्यांपुढें पर्वत उरत नाहीं, एक सजविलेलें व्यासपीठ उरतें. वर्डस्वर्थनें या स्तोत्रास खोट्या भव्यतेचा नमुना म्हटलें होतें. डोंगर ज्यानें आयुष्यभर पायांखालीं घातले त्याचा हा अभिप्राय सहज टाकून देण्यासारखा नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. काव्य म्हणजे नकाशा नव्हे. न पाहिलेल्या गोष्टी पाहणें हेंच तर कल्पनेचें काम. मान्य. कोलरिजचेंच उदाहरण घ्या. 'एन्शंट मॅरिनर' हें काव्य १७९८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें रचीपर्यंत कवीनें समुद्रप्रवास असा केलेलाच नव्हता. तरी तें अजरामर आहे. परंतु त्या काव्याची चौकट बारकाईनें पाहा. जहाज दक्षिणेस निघतें तेव्हां सूर्य डाव्या अंगास समुद्रांतून वर येतो. दक्षिण ध्रुवाकडून तें उत्तरेस वळतें तेव्हां तो उजव्या अंगास उगवतो. भुतांखेतांनीं भरलेल्या त्या काव्यांत दिशा मात्र कोठें चुकलेली नाहीं. कवि त्या समुद्रावर कधीं गेला नव्हता, पण काव्यांत आपण कोठें आहों हें त्याला क्षणोक्षणीं ठाऊक होतें. आणि हें मीं पाहिलें आहे, अशी बतावणी त्यानें स्वतःच्या नांवानें केली नाहीं.

याहून मोठा दाखला आपल्या घरचा आहे. मेघदूतांतील यक्ष मेघाला आधीं मार्ग ऐकवितो आणि मग निरोप सांगतो. रामगिरि, ज्याला महामहोपाध्याय मिराशींसारख्या पंडितांनीं आपलें रामटेक मानलें. तेथून नर्मदा, वेत्रवतीकांठची विदिशा, शिप्रेकांठची उज्जयिनी. उज्जयिनी वाटेवर नाहीं, ती पाहावयाची तर वांकडें जावें लागेल, हेंहि यक्ष मेघाला बजावून सांगतो. अलका ही कल्पनेची नगरी. पण तिच्याकडे नेणारी वाट जमिनीवरची आहे. कल्पनेला अलकेपर्यंत जावयाचें असेल तर तिनें रामगिरीवरून पाऊल उचललें पाहिजे, असाच जणूं कालिदासाचा आदेश आहे. तेव्हां प्रश्न प्रत्यक्ष आणि कल्पित यांचा नाहीं. लेखकाचे पाय कोठें तरी टेकलेले आहेत कीं नाहींत, हा प्रश्न आहे.

मग कोलरिजसारख्या समर्थ कवीनें आपले टेकलेले पाय कां उचलले? याचें उत्तर त्यानें स्वतःच देऊन ठेविलें आहे, आणि माझ्या मतें सबंध प्रकरणांतील हीच गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. स्तोत्र छापून येण्याच्या आदल्या दिवशीं, १० सप्टेंबर रोजीं, त्यानें सोथबी नांवाच्या मित्राला पत्र लिहिलें. त्यांत तो म्हणतो कीं, स्कॉफेलवर असतांना आपल्या मुखांतून सहजच एक स्तोत्र बाहेर पडलें. परंतु तीं कल्पना व भाव आपल्या इकडील सामान्य डोंगरांच्या मानानें फार मोठे वाटले, म्हणून आपण मनानें शामुनीस गेलों आणि तेच भाव त्या अधिक भव्य दृश्याला जुळवून घेतले. ब्रूनच्या ऋणाचा पत्ता येथेंहि नाहीं; पण तें बाजूस ठेवूं. ज्या डोंगरावर आपण मरतां मरतां वांचलों, ज्याच्या कपारींत पडून विवेक व संकल्प यांबद्दल ईश्वराचे आभार मानले, तो डोंगर त्याला आपल्या भावनेच्या मानानें ठेंगणा वाटला! आणि चमत्कार असा कीं, याच पत्रांत त्यानें बोल्स या कवीला दोष दिला आहे, तो असा: निसर्गांतील प्रत्येक दृश्याला ओढूनताणून नीतीचा उपदेश चिकटविणें हें संस्काराच्या दुबळेपणाचें लक्षण आहे, निसर्गाला त्याचें स्वतःचें जीवन आहे. टीकाकार कोलरिजनें कवि कोलरिजवर इतका नेमका निवाडा त्याच कागदावर लिहून ठेवावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

माँ ब्लाँ सुमारें ४,८०० मीटर उंच आहे, स्कॉफेल हजार मीटरहि नाहीं. पण भावनेची उंची शिखराच्या उंचीवर मोजावयाची नसते. हा बोध आम्हां मराठी वाचक-लेखकांनीं विशेष घ्यावा असा आहे, कारण ठेंगणेपणाची ही लाज आम्हांलाहि छळते. आमचें कळसूबाई १,६४६ मीटर आहे. इतकेंच काय, सिंहगडहि समुद्रसपाटीपासून स्कॉफेलहून उंच आहे. तरी पर्वताचें वर्णन करावयाचें म्हटलें कीं आमच्या लेखणींतून हिमालय उतरतो. धवल शिखरें, देवदार व गंगौघ हजर होतात. करवंदीच्या जाळ्या, तापलेला काळा कातळ, वैशाखांत आटलेलें टांकें आणि ढोरवाटांनीं चकविलेला वाटसरू यांना आम्ही प्रवेशच देत नाहीं. ज्यांनीं दिला त्यांचें लेखन टिकलें. वेदमूर्ति विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. झाशीच्या वेढ्याच्या वेळीं आपण कोठें होतों व काय पाहिलें हें त्या भिक्षुकानें अलंकारावांचून सांगितलें आहे, आणि तें वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ची गोडीहि मला याच गोष्टींत वाटते कीं, गडाविषयींची त्यांची भक्ति गडाच्या वाटेवरून पायीं चालत आलेली आहे.

आज स्थाननिश्चयाचें काम फारच सोपें झालें आहे. खिशांतल्या यंत्रावर एक निळा ठिपका दिसतो, आणि आपण कोठें आहों तें तो कांहीं पावलांच्या फरकानें सांगतो. याचा उपयोग कोणीं नाकारूं नये. कित्येकांचे प्राण त्यानें वांचले असतील. परंतु ठिपका स्थान सांगतो, पाहण्याचें काम तो करीत नाहीं. ज्याला स्थान शोधावें लागलें नाहीं त्यानें ओढ्याचें वळण पाहिलेलें नसतें, धार कोठें मोडते तें पाहिलेलें नसतें. आणि मग लिहावयास बसल्यावर त्याच्यापाशीं दुसऱ्यांचींच विशेषणें शिल्लक असतात. महाविद्यालयांतील तरुण मुलें सुटींतील भटकंतीचीं वर्णनें लिहून आणतात. शेंकडों मैलांच्या अंतरावरील निरनिराळ्या गडांचें वर्णन त्यांत अक्षरशः एकच असतें. त्यांना भाषा शिकविण्यापूर्वीं एकदां नकाशा व होकायंत्र देऊन उन्हांत, सोबतीला जाणता माणूस ठेवून, वाट काढावयास लावावें, असें माझें आतां मत झालें आहे. त्यांतून सगळे लेखक होतील असें नाहीं; पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल सद्गदित होण्याची संवय तरी मोडेल.

कोलरिजनें जें जगासाठीं सजविलें तें आज मुख्यतः अभ्यासकांच्या वादाचा विषय होऊन राहिलें आहे. जें त्यानें एका व्यक्तीसाठीं, थरथरणाऱ्या हातापायांनीं आणि घामोळ्यानें भरलेल्या अंगानें अनुभवून लिहिलें, तें ताजें आहे. स्तोत्रांतील ईश्वराला सर्व सृष्टि साक्ष देते, पण त्या साक्षीदारांपैकीं एकहि कवीनें पाहिलेला नाहीं. पत्रांतील साक्षीदार थोडे आहेत: एक मेंढरूं, एक दगडांचा ढीग, खडकांतील एक चीर. तेवढे पुरतात; कारण लिहिणारा कोठें उभा आहे हें त्याला माहीत आहे, आणि तें तो आपल्यापासून लपवीत नाहीं.